मुंबईचा साग, हार्टलपूलचे पाणी

पनवेल तालुक्यात मोडणारे आणि सिडकोने वसवलेले उलवे हे उपनगर आज मुख्यतः दोन अवाढव्य बांधकामांमुळे ओळखले जाते. त्यांपैकी एक म्हणजे उलवे टेकडी सपाट करून आणि उलवे नदीचे पात्र वळवून उभारलेला, ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेला नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ. आणि दुसरे म्हणजे १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला, शिवडीला न्हावा-शेव्याच्या बाजूशी जोडणारा २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू. या परिसराचे समुद्राशी असलेले नाते मात्र या दोहोंपेक्षा कितीतरी जुने आहे. पनवेल हे पडाव आणि मचव्यांचे बंदर होते, आणि मुंबईहून पुण्याकडे निघालेला प्रवासी खाडीतून येथे उतरून पुढे बोरघाटाची वाट धरीत असे. उलव्याला लागून असलेल्या न्हावा गावात १९१० मध्ये स्थापन झालेली ‘ट्रेनिंग शिप रहमान’ ही खलाशी घडवणारी संस्था आहे. तिच्या नावात जहाज असले तरी ती जमिनीवर आहे. पनवेल खाडीपलीकडे करावे येथे असलेल्या ‘टी. एस. चाणक्य’ या संस्थेची परंपरा १९२७ मध्ये मुंबई बंदरात प्रशिक्षणासाठी नांगरलेल्या ‘डफरिन’ या जहाजापर्यंत मागे जाते. जुन्या जहाजाला शाळा करणे ही जगभरातल्या दर्यावर्दी देशांची रीत आहे, आणि पुढे ज्या जहाजाची हकिकत यावयाची आहे ते तगण्यामागे याच रीतीचा वाटा सर्वांत मोठा आहे.

ते जहाज म्हणजे एच. एम. एस. ‘त्रिंकोमाली’. उलव्यासमोरच्या पाण्याच्या पलीकडच्या काठावर, मुंबई गोदीत, वाडिया घराण्यातील पारशी जहाजबांधकांनी ते सागवानात बांधले आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात सोडले. आज ते इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल या गावी तरंगत आहे. ब्रिटनमध्ये अद्याप पाण्यावर असलेल्या युद्धनौकांत ते सर्वांत जुने गणले जाते, कारण त्याहून ५२ वर्षांनी वडील असलेले, ब्रिटिश दर्यासेनापती नेल्सनचे ‘व्हिक्टरी’ पोर्ट्समथला सुक्या गोदीत ठेवलेले आहे. मुंबई बंदराच्या इतिहासाचा इतका मोठा आणि इतका सुस्थितीतला लाकडी पुरावा खुद्द मुंबईत नाही, म्हणून त्याचा मागोवा घेणाऱ्याला उलव्याच्या काठावरून थेट उत्तर समुद्राच्या काठापर्यंत जावे लागते.

या मागोव्याचा पहिला टप्पा अटल सेतूवरून शिवडीपर्यंतचा आहे. सेतूच्या एकूण लांबीपैकी सुमारे साडेसोळा किलोमीटर भाग समुद्रावर असून, पलीकडे उतरल्यावर दक्षिणेकडे वळले की दारूखान्याची वस्ती लागते. येथे जुनी जहाजे तोडली जातात. भारताची पहिली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ ३१ जानेवारी १९९७ रोजी सेवेतून निवृत्त झाली, २००१ ते २०१२ या काळात मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली, आणि देखभालीचा प्रश्न न सुटल्याने लिलावात निघून २०१४ च्या अखेरीस याच दारूखान्यात तिच्यावर कटर चालले. तिच्या पोलादाचा काही भाग पुढे एका मोटारसायकलीच्या बनावटीत वापरला गेला. जहाजाचा स्वाभाविक शेवट हाच असतो. धातू असला तर वितळवणे आणि लाकूड असले तर फोडून विकणे हा व्यवहार सर्वत्र चालत आला आहे, आणि ‘त्रिंकोमाली’च्याही वाट्याला तो एकदा येऊन ठेपला होता, त्यामुळे ते का वाचले हे समजून घेण्यासाठी दारूखाना पाहून ठेवणे उपयोगाचे ठरते.

दुसरा टप्पा फोर्ट भागातील गोदीचा. हॉर्निमन सर्कलपासून जवळच असलेल्या लायन गेटच्या आत आज नौदलाची गोदी आहे आणि सर्वसामान्य प्रवाशाला तेथे मुक्त प्रवेश नाही. तथापि आतल्या जुन्या दगडी सुक्या गोद्या अजून कामात आहेत. सुकी गोदी म्हणजे किनाऱ्यात खोदलेला, समुद्राच्या बाजूला दरवाजा असलेला दगडी हौद होय. भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आत घ्यावयाचे, दरवाजा लावून पाणी बाहेर काढावयाचे, कोरड्या पडलेल्या तळावर काम करावयाचे आणि पुन्हा पाणी आत घेऊन जहाज तरंगवावयाचे, अशी तिची रीत असते. मुंबईच्या समुद्रात मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीच्या पातळीत सुमारे पाच मीटरपर्यंत फरक पडत असल्याने हौद रिकामा करण्याचे पुष्कळसे काम ओहोटीच करून देई, आणि हीच या बंदराची मोठी नैसर्गिक सोय होती. येथील पहिली सुकी गोदी १७५० मध्ये तयार झाली. पुढे मोठ्या जहाजांसाठी डंकन गोदी बांधण्यात आली आणि १८१० पर्यंत तिचे दोन्ही भाग पूर्ण झाले.

गोदी बांधणे एक आणि तीत जहाज बांधणारे हात मिळवणे दुसरे. ईस्ट इंडिया कंपनीने १७३६ मध्ये सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया यांना सुतारांसह मुंबईस आणले, आणि त्यानंतर शतकाहून अधिक काळ मुख्य जहाजबांधकाची जागा त्याच घराण्यात राहिली. या घराण्यातील जमशेटजी बमनजी यांच्या हाताखाली मुंबईची गोदी केवळ कंपनीची जहाजे दुरुस्त करणारी न राहता ब्रिटिश आरमारासाठी युद्धनौका बांधणारी झाली. १८१० मध्ये येथे पाण्यात सोडलेले ‘मिंडेन’ हे ब्रिटनबाहेर बांधलेले त्या आरमाराचे पहिले रांगेतले जहाज होय. रांगेतले जहाज म्हणजे समोरासमोरच्या दर्यायुद्धात जहाजांच्या रांगेत उभे राहू शकणारे, दोन किंवा अधिक तोफमजल्यांचे मोठे लढाऊ जहाज. त्यामागोमाग १८१३ चे ‘कॉर्नवॉलिस’ आले, ज्यावर १८४२ मध्ये चीनशी झालेल्या नानकिंग तहावर सह्या झाल्या. १८१५ चे ‘वेलस्ली’ आले, जे सव्वाशे वर्षांनी थेम्स नदीत प्रशिक्षण जहाज म्हणून नांगरलेले असताना १९४० च्या जर्मन बॉम्बहल्ल्यात बुडाले. आणि १८२४ चे ‘एशिया’ आले, जे १८२७ च्या नाव्हारिनोच्या लढाईत ब्रिटिश सेनापतीचे निशाण घेऊन लढले.

या मागणीचे मूळ इंग्लंडच्या जंगलांत होते. नेपोलियनशी चाललेल्या दीर्घ युद्धांमुळे तेथे जहाजांना लागणाऱ्या ओकच्या लाकडाची टंचाई झाली, तर मुंबईला मलबारचा साग समुद्रमार्गे सहज मिळत होता. दोन्ही लाकडांत मोठा फरक असा, की ओकमधील आम्लद्रव्यांमुळे त्यात ठोकलेले लोखंड हळूहळू खाल्ले जाते, उलट सागाच्या अंगचे तेल खिळ्या-बोल्टांना राखते आणि लाकूडही सहसा कुजू देत नाही. सुरतेच्या बांधणीत फळ्यांच्या कडांना खाचा पाडून त्या एकमेकींत बसवण्याची पद्धत होती आणि सांध्यात कापूस व राळ भरली जाई, त्यामुळे तळ पाणी धरीत नसे. सागाचे टिकाऊपण आणि ही कारागिरी यांचा एकत्रित परिणाम म्हणून मुंबईची जहाजे आरमारात दीर्घायुषी म्हणून नावाजली.

‘त्रिंकोमाली’ बांधण्याचा हुकूम ३० ऑक्टोबर १८१२ रोजी निघाला. श्रीलंकेतील ज्या बंदराजवळ १७८२ मध्ये इंग्रज आणि फ्रेंच आरमारांची लढाई झाली होती, त्या बंदरावरून त्याचे नाव ठेवण्यात आले. ते ‘लिडा’ वर्गातील फ्रिगेट होते. फ्रिगेट म्हणजे एकाच मुख्य मजल्यावर तोफांची सलग रांग असलेले, वेगवान, टेहळणीला, व्यापारी जहाजांच्या संरक्षणाला आणि दूरच्या कामगिरीला उपयोगी पडणारे जहाज. त्याचे आराखडे घेऊन मुंबईकडे निघालेली ‘जावा’ ही फ्रिगेट मात्र डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याबाहेर अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या जहाजाच्या हाती लागली आणि आराखडे पुन्हा पाठवावे लागले. त्याच ‘जावा’वर मुंबईच्या लष्कराचा नियोजित सेनापती टॉमस हिसलॉप होता, तो त्या वेळी अमेरिकनांचा कैदी झाला, आणि पाच वर्षांनी, डिसेंबर १८१७ मध्ये, महिदपूरला होळकरांविरुद्ध इंग्रज फौजेचे नेतृत्व त्यानेच केले.

आराखडे उशिरा पोचल्याने आणि आधीची कामे हातात असल्याने ‘त्रिंकोमाली’ची बांधणी १८१६ मध्ये सुरू झाली. तळाच्या कण्यात, म्हणजे कोकणातले जहाज बांधणारे ज्याला पठाण म्हणतात त्या तुळईत, पारशी प्रथेप्रमाणे चांदीचा खिळा ठोकण्यात आला. त्या कण्यावर दोन्ही अंगांनी वाकड्या लाकडांचे वांक उभे करून त्यांवर बाहेरून व आतून फळ्या चढवल्या गेल्या. तोफमजल्यावर सुमारे १५० फूट लांब, रुंदीला ४० फूट आणि जवळपास १,०६५ टनांचे हे जहाज २३,००० पौंड खर्चून तयार झाले. ते पाण्यात उतरले तेव्हा ज्या युद्धासाठी ते मागवले होते ते संपून दोन वर्षे झाली होती, आणि घाटावर वेगळेच युद्ध पेटावयाचे होते : जलावतरणानंतर चोविसाव्या दिवशी, ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, खडकीची लढाई झाली आणि पुढच्या जूनपर्यंत पेशवाई संपली.

यानंतरचा प्रवास बराचसा सागरी नोंदींतूनच करावा लागतो. जहाज २४ जानेवारी १८१९ रोजी सेंट हेलेना बेटावर पोचले, जेथे त्या वेळी नेपोलियन कैदेत होता. सहा दिवसांच्या मुक्कामानंतर निघताना त्याने नेपोलियनवर उपचार केलेल्या जॉन स्टोको या शल्यवैद्यालाही सोबत घेतले, आणि ३० एप्रिल रोजी ते पोर्ट्समथला लागले. शांततेच्या काळात नव्या फ्रिगेटची निकड नसल्याने डोलकाठ्या आणि दोरखंडाचा साज उतरवून ते राखीव ताफ्यात ठेवण्यात आले, आणि तेथे १८४५ पर्यंत पडून राहिले. कामाविना गेलेली ही सुमारे २६ वर्षे वरवर वाया गेल्यासारखी दिसतात; परंतु वादळ आणि तोफगोळे यांचा मार न बसल्याने जहाजाचे आयुष्य वाढवण्यात त्यांचाही हात होता.

१८४५ मध्ये त्याचे पहिले रूपांतर झाले. तोफा कमी करून त्या अधिक वजनदार बसवण्यात आल्या, पिछाडीचा आकार बदलण्यात आला आणि त्याची गणना कोर्व्हेट, म्हणजे फ्रिगेटहून एक पायरी खालच्या, गस्तीच्या युद्धनौकेत होऊ लागली. १८४७ पासूनच्या दहा वर्षांत त्याने उत्तर अमेरिका आणि वेस्ट इंडिजच्या पाण्यात गस्त घातली, गुलामांच्या चोरट्या वाहतुकीला आळा घालण्याच्या मोहिमेत भाग घेतला, न्यूफाउंडलंड आणि लॅब्राडोरचा किनारा गाठला, आणि १८५२ नंतर पॅसिफिक महासागरात काम केले. क्रिमियन युद्धात, १८५५ मध्ये, कामचत्काच्या पेत्रोपाव्लोव्स्क बंदरावर चालून गेलेल्या ब्रिटिश-फ्रेंच ताफ्यात ते होते, आणि त्याच्यासोबत मुंबईतच त्याच्या एक वर्ष आधी बांधलेले त्याच वर्गातील ‘अँफिट्राइट’ही होते, रशियन फौज मात्र आधीच बंदर सोडून गेली होती. वाफेच्या यंत्रांचा आरमारात शिरकाव झाल्यानंतर शिडाच्या जहाजाला लढाऊ भवितव्य उरले नाही, आणि १८५७ मध्ये त्याची सागरी सेवा संपली.

येथून त्याचे दुसरे आणि अधिक लांबलेले आयुष्य सुरू होते. राखीव दलातील खलाशांना तोफा चालवण्याचे शिक्षण देण्यासाठी ते आधी संडरलंडला आणि १८६२ ते १८७७ या काळात वेस्ट हार्टलपूलला नांगरून ठेवण्यात आले, त्यानंतर साउदॅम्प्टनला गेले, आणि १८९५ मध्ये पुन्हा निरुपयोगी ठरून १९ मे १८९७ रोजी भंगारात विकले गेले. त्याच वर्षी जून महिन्यात जॉर्ज व्हीटली कॉब या धनिकाचे ‘फुद्रोयाँ’ हे जहाज ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात फुटले. नेल्सनचे हे पूर्वीचे निशाणजहाज कॉब यांनी मुलांच्या प्रशिक्षणासाठी जतन केले होते. त्याच्या जागी त्यांनी भंगारवाल्याकडून ‘त्रिंकोमाली’ विकत घेऊन दुरुस्त केले आणि त्याला बुडालेल्या जहाजाचे नाव दिले. त्यामुळे पुढची सुमारे नव्वद वर्षे मुंबईचे हे जहाज ‘फुद्रोयाँ’ या फ्रेंच नावाने वावरले. प्रथम फाल्मथला आणि १९३० च्या दशकापासून पोर्ट्समथ बंदरात त्यावर मुलामुलींनी दर्यावर्दी जीवनाचे धडे घेतले. हेन्री स्कॉट ट्यूक या चित्रकाराने फाल्मथला त्याची आणि त्यावरील मुलांची चित्रे काढली.

पोर्ट्समथमध्ये त्याचे शेजारी असलेले ‘इम्प्लेकेबल’ हे ट्रफाल्गरच्या लढाईत फ्रेंचांकडून लढलेले, नंतर इंग्रजांच्या हाती आलेले जहाज होते. दुरुस्तीचा खर्च परवडत नाही म्हणून डिसेंबर १९४९ मध्ये ते समुद्रात नेऊन स्फोटकांनी बुडवण्यात आले. ती घटना ब्रिटनमधील जहाजजतनाच्या चळवळीला चटका लावून गेली, आणि जुने जहाज सरकारी इच्छेवर सोडून भागणार नाही, त्यासाठी विश्वस्त संस्था आणि कायमचा निधी लागतो, ही जाणीव तेथून बळावली. ‘फुद्रोयाँ’वरील प्रशिक्षण १९८६ मध्ये थांबले तेव्हा या जाणिवेचा उपयोग झाला.

हार्टलपूलचा संबंध येथे दुसऱ्यांदा येतो. हे गाव एके काळी जहाजबांधणीवर जगत होते, पण १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस तो धंदा तेथे बंद पडला. १९७९ ते १९८७ या काळात ‘वॉरियर’ या १८६० च्या लोखंडी युद्धनौकेची पुनर्बांधणी येथे झाली, आणि त्या निमित्ताने जुन्या पद्धतीने लाकूड घडवणारे, दोर वळणारे आणि डोलकाठ्या उभारणारे कारागीर पुन्हा तयार झाले. ‘वॉरियर’ पोर्ट्समथकडे रवाना झाले आणि १९८७ च्याच उन्हाळ्यात, पाण्यात अर्धवट बुडून जहाज पाठीवर घेऊ शकणाऱ्या तराफ्यावरून, ‘फुद्रोयाँ’ हार्टलपूलला पोचले. गावाकडे कारागीर होते आणि त्यांना कामाची गरज होती, आणि जहाजाला नेमके तेच हवे होते.

पुनर्बांधणी १९९० मध्ये सुरू होऊन २००१ मध्ये पूर्ण झाली. तिला सुमारे १ कोटी ५ लाख पौंड खर्च आला, आणि तिच्या दरम्यान, १९९२ मध्ये, जहाजाला ‘त्रिंकोमाली’ हे मूळ नाव परत मिळाले. जुन्या लाकडी जहाजाचे शत्रू दोन असतात. एक म्हणजे पावसाचे गोडे पाणी, जे वरच्या मजल्यांच्या सांध्यांतून झिरपून लाकूड आतून कुजवते, तर खारे पाणी त्या मानाने लाकूड राखते. दुसरा म्हणजे जहाजाचे स्वतःचेच वजन : मधला फुगीर भाग पाण्यावर जास्त उचलला जातो आणि दोन्ही निमुळती टोके कमी, त्यामुळे वर्षानुवर्षे नुसते नांगरून राहिले तरी टोके खाली झुकतात आणि कणा मध्यभागी वर येतो. पुनर्बांधणीत म्हणून कुजका भाग शोधून तेवढाच कापणे, नव्या लाकडाला तिरका छेद देऊन तो जुन्याशी जोडणे आणि दोन्हींवर सारखा ताण येईल असे बोल्ट बसवणे, हे काम वांकागणिक करावे लागते. या जहाजाच्या सांगाड्याचा जवळपास दोन तृतीयांश भाग मूळचा राखता आला, आणि हे प्रमाण इतक्या वयाच्या लाकडी जहाजात फार मोठे आहे. याचे श्रेय हार्टलपूलच्या कारागिरांइतकेच मलबारच्या सागाला आणि तो निवडणाऱ्या मुंबईच्या सुतारांनाही द्यावे लागते.

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातून थेट आगगाडीने हार्टलपूल सुमारे तीन तासांवर आहे. रॉयल नेव्हीच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या येथील शाखेत, जॅक्सन डॉकमध्ये, तीन डोलकाठ्यांचे हे जहाज उभे असून, नाळेवर, म्हणजे जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाला, पागोटे घातलेल्या पुरुषाचा रंगवलेला अर्धपुतळा आहे. आत उतरणाऱ्याला मजल्यागणिक जहाजाची रचना उलगडत जाते. तोफमजल्यावर दोन्ही बाजूंच्या चौकोनी खिडक्यांतून तोफांची तोंडे बाहेर आलेली दिसतात. मूळच्या बांधणीत या मजल्यावरच्या तोफा १८ पौंडी, म्हणजे सुमारे आठ किलो वजनाचा गोळा फेकणाऱ्या होत्या. त्याखालचा मजला खलाशांच्या जेवण्या-झोपण्याचा असून, तेथे ताठ उभे राहता येत नाही. आरमाराच्या नियमाप्रमाणे प्रत्येक माणसाला झोळी टांगण्यासाठी १४ इंच, म्हणजे हातभराहूनही कमी रुंदीची जागा मिळे, आणि अशा जागेत तीनशेच्या आसपास माणसांनी महिनोन्‌महिने काढावयाचे असत. सर्वांत खाली तळघरात जहाज उलटू नये म्हणून भरलेले भरताचे वजन, पाण्याची पिंपे आणि साठवणीचा माल राहत असे, आणि तेथेच वाकलेल्या वांकांची जाडी हाताने चाचपून पाहता येते.

उलव्याच्या काठावरून निघालेल्या अभ्यासकाला या जहाजातून जो निष्कर्ष मिळतो तो केवळ सागाच्या थोरवीचा नाही. मुंबईत त्याच सागातून बांधलेली ‘मिंडेन’, ‘कॉर्नवॉलिस’ आणि ‘एशिया’ ही जहाजे आज नाहीत. ‘त्रिंकोमाली’ राहिले, कारण लढाई, गस्त, तोफांची शाळा, मुलांची शाळा आणि शेवटी संग्रहालय अशी पाच कामे त्याला एकामागून एक मिळत गेली, आणि दर वेळी दुरुस्तीचा खर्च उचलणारा धनीही मिळाला. जतन म्हणजे एकदा केलेला खर्च नसून दरवर्षी उचलावयाचा भार असतो. तो उचलणारी व्यवस्था ‘विक्रांत’भोवती उभी राहू शकली नाही, म्हणून संग्रहालय होऊनही ती दारूखान्यात गेली. न्हावा आणि करावे येथे खलाशी घडवणाऱ्या संस्था आणि पलीकडच्या काठावर अठराव्या शतकापासून चालू असलेल्या सुक्या गोद्या या बंदरापाशी आजही आहेत. पुढचे एखादे जहाज राखावयाचे ठरले, तर त्याला संग्रहालय करण्याआधी त्याचे रोजचे काम कोणते आणि त्या कामाचा खर्च कोण देणार, हे ठरवून ठेवावे लागेल.